रेडिओची लॉगबुक आणि वॉर्डातली नोंदवही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एक पत्र आलं होतं, की ही टीव्हीवरची नि रेडिओवरची माणसं निवडणुकीला उभी राहतात ती नुसत्या चेहऱ्यावर आणि आवाजावर निवडून येतात, महापालिकेतलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पक्षांनी असल्या लोकांना तिकीटच देऊ नये. पत्र तळमळीनं लिहिलेलं होतं आणि त्यातलं निम्मं मला पटलंही. उरलेलं निम्मं पटलं नाही म्हणून हे लिहितेय. थोडं लांबेल, जागा नसेल तर मधलं कापा, पण नोंदवहीबद्दल जे लिहिलंय ते कृपया ठेवा.

मी स्वतः रेडिओवर कॅज्युअल निवेदक म्हणून, म्हणजे कायम नोकरीत नाही तर लागेल तेव्हा ड्युटीवर बोलावतात तशी, बरीच वर्षं काढली. माझ्याबरोबर एक ताई होत्या, माझ्यापेक्षा सीनियर, नाव लिहीत नाही कारण त्यांना ते आवडणार नाही. त्या २०१७ च्या निवडणुकीत नगरसेविका झाल्या आणि पूर्ण टर्म मी त्यांना जवळून बघितलं, म्हणून बोलायचा मला थोडा तरी हक्क आहे असं वाटतं.

आधी रेडिओबद्दल सांगते कारण बाहेरच्या लोकांना वाटतं की निवेदक म्हणजे नुसता गोड आवाज. आमच्याकडे सकाळच्या प्रसारणाला पहिली सभा म्हणतात, दुपारी दुसरी, संध्याकाळी तिसरी. जुन्या श्रोत्यांना "आमची पहिली सभा इथे संपली" हे वाक्य आठवत असेल. पहिल्या सभेला पहाटे अंधारात पोचायचं, ड्युटी रूममध्ये क्यू शीट, म्हणजे कधी काय वाजवायचं त्याचा कागद, बघायची, कुठली रेकॉर्डिंग आलीय कुठली नाही ते तपासायचं, स्टुडिओत बसून लाल दिवा लागायची वाट बघायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लॉगबुक. काय वाजलं, किती वाजून किती मिनिटांनी वाजलं, कुठे लाइन गेली, कितीला गेली, कितीला परत आली, हे सगळं त्यात आपल्या हातानं लिहायचं आणि खाली सही करायची. "थोडा वेळ प्रसारण बंद होतं" असं लिहून चालायचं नाही, थोडा वेळ म्हणजे किती हा प्रश्न वरून आलाच म्हणून समजा. चूक आपली असली तरी आपल्याच हातानं लिहायची. नवीन असताना मी एकदा चुकीची टेप लावली नि घाबरून लॉगमध्ये लिहिलंच नाही, तर ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ऐकणाऱ्यांनी ऐकलंय ते, तू नाही लिहिलंस म्हणून घडलं नाही असं होत नाही. मी परत जाऊन लिहिलं.

पण याच धंद्यात दुसरी एक सवय लागते आणि ती बरोब्बर उलटी आहे. माईकवर शांतता पडता कामा नये. लाइन गेली, पाहुणा आलाच नाही, रेकॉर्डिंग अडकलं, काहीही होवो, निवेदकानं बोलत राहायचं, श्रोत्याला कळूच द्यायचं नाही की आत गोंधळ आहे. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण रोनाल्ड रेगन यांचं. ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष व्हायच्या कितीतरी आधी, १९३० च्या दशकात, आयोवा राज्यात रेडिओवर बेसबॉलचं समालोचन करायचे. मॅच शिकागोत चालायची आणि हे लांब दुसऱ्या गावी स्टुडिओत बसून तारेनं येणाऱ्या दोन-चार शब्दांवरून असं वर्णन करायचे की ऐकणाऱ्याला वाटावं हे मैदानातच बसलेत. एकदा ऐन मॅचमध्ये तार बंद पडली. तर यांनी तसं सांगितलं नाही, फलंदाजाला एकामागून एक फाउल बॉल, म्हणजे रेषेबाहेर जाणारे नि खेळ पुढे न सरकवणारे फटके, मारायला लावले, काही मिनिटं नुसते फाउल, तार चालू होईपर्यंत. हा किस्सा ते स्वतःच पुढे आयुष्यभर रंगवून सांगायचे. निवेदक म्हणून मला यात कौशल्य दिसतं, ते येरागबाळ्याचं काम नाही. पण हाच माणूस जेव्हा खुर्चीवर बसतो आणि त्याच्याकडे खरी माहिती नसताना तो अशाच ओघात बोलत राहतो, तेव्हा लोकांना कळायला मार्ग नसतो की तार कधीच तुटलीय. मी हे फक्त रेगन यांच्याबद्दल म्हणत नाहीये, ते १९६७ ते १९७५ कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते, तिथे त्यांनी काय केलं काय नाही हा वेगळा विषय आहे. मी त्या सवयीबद्दल म्हणतेय. आमच्या धंद्यातून राजकारणात गेलेल्या माणसाकडे बघताना मी हेच बघते की हा शांतता भरून काढणारा आहे की शांततेची नोंद करणारा आहे.

ताईंचीच गोष्ट घ्या. त्या एक फोन-इन, म्हणजे श्रोते फोन करून प्रश्न विचारतात तो कार्यक्रम करायच्या, बायकांच्या आरोग्याचा, त्यामुळे त्यांचा आवाज घराघरात माहीत. प्रभाग चार नगरसेवकांचा, त्यात महिलांसाठी राखीव जागा, पक्षाला उमेदवार हवाच होता, ते घरी आले. ताई आधी नाहीच म्हणाल्या. एक तर इतकी वर्षं आकाशवाणीच्या शिस्तीत गेलेली, तिथल्या आचारसंहितेत कुठल्याही पक्षाचं नाव घेऊन हल्ला करायला बंदी, त्यामुळे पक्षाचं नाव तोंडातून काढायचं म्हणजे त्यांना अपराध्यासारखं वाटायचं. प्रचारात पहिले काही दिवस त्या विरोधी पक्षाला "समोरचे उमेदवार" एवढंच म्हणायच्या, कार्यकर्ते वैतागायचे, म्हणायचे ताई नाव घ्या नाव घ्या. त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. तरी निवडून आल्या. आवाजामुळे आल्या का? काही अंशी हो, खोटं कशाला बोलू. दारोदार फिरताना बायका त्यांचं तोंड बघून ओळखायच्या नाहीत पण "नमस्कार" म्हटलं की "अगंबाई तुम्ही त्या रेडिओवरच्या!" म्हणून हात धरून आत न्यायच्या. पण प्रभागात चार जण एकाच पॅनलचे निवडून आले, बाकीच्या तिघांना कोण ओळखत होतं? म्हणजे लाटही होती, पक्षही होता, सगळंच होतं.

हे मी मुद्दाम लिहितेय कारण त्या पत्रलेखकांचं म्हणणं की असे लोक "फक्त" चेहऱ्यावर येतात, ते मला हिशोबात बसत नाही. आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या, इम्तियाज जलील, आधी पेपरात होते, मग बरीच वर्षं एनडीटीव्हीवर, २०१४ ला औरंगाबाद मध्यमधून आमदार झाले, २०१९ ला खासदार, तेही फक्त ४,४९२ मतांनी. आणि २०२४ ला लोकसभेला पडले, विधानसभेलाही पडले. चेहरा तोच होता, आवाज तोच होता. मतं बदलली ती युती, आघाडी, मतविभागणी यांनी. गुजरातमध्ये इसुदान गढवी टीव्हीवरचे इतके लोकप्रिय अँकर, त्यांच्या कार्यक्रमाला गावागावातले शेतकरी बसायचे, २०२२ ला त्यांना मुख्यमंत्रिपदाचा चेहरा केलं गेलं, ते खंभाळियातून स्वतःची जागाही काढू शकले नाहीत. मनीष सिसोदिया यांनी तरुणपणी आकाशवाणीवर कार्यक्रम केले, मग झी न्यूजला होते, नंतर माहिती अधिकाराच्या चळवळीत उतरले, दिल्लीचे उपमुख्यमंत्री झाले, आणि २०२५ ला जंगपुऱ्यात ६७५ मतांनी हरले. मला यातल्या कुणाच्या पक्षाची बाजू घ्यायची नाहीये, कुणाला काय मत द्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. एवढंच म्हणते की मतदार इतका भोळा नाही, माईक पहिली ओळख करून देतो, पुढचं त्याला स्वतःला करावं लागतं.

आता ज्या निम्म्या गोष्टीत मी त्या पत्राशी सहमत आहे ती सांगते. उमेदवार झाल्यावर माईक सोडलाच पाहिजे, आणि तोही नुसता नावापुरता नाही. अमेरिकेत यावर जुना कायदा आहे, १९३४ च्या कायद्यातलं ३१५ कलम, एका उमेदवाराला रेडिओ-टीव्हीवर वेळ दिला तर बाकीच्यांनाही तेवढाच द्यायचा. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात सॅक्रॅमेंटोच्या एका टीव्ही स्टेशनच्या रिपोर्टरला लूमिस नावाच्या छोट्या गावच्या कौन्सिलला उभं राहायचं होतं, म्हणजे आपल्याकडे नगरपंचायतीला उभं राहावं तसं. स्टेशननं हिशोब केला की हा रोज बातमीत दिसतो, ते सगळं धरलं तर बाकीच्या उमेदवारांना मिळून ३३ तास द्यावे लागतील. त्याला सांगितलं बिनपगारी रजा घे, आणि परत घेऊ याची खात्री नाही. तो कोर्टात गेला आणि १९८७ मध्ये हरला. त्या माणसाबद्दल मला वाईट वाटतं, गावच्या कौन्सिलसाठी नोकरीवर पाणी सोडायचं म्हणजे काही थोडं नाही. पण कोर्टाचं म्हणणं मला पटतं. बातमी सांगणारा रोज तुमच्या घरात येतो, तुम्ही त्याच्यावर विश्वास टाकलेला असतो, तो विश्वास बातमीसाठी दिलेला असतो, मतासाठी नाही.

आपल्याकडे १९७७ पासून निवडणुकीत मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणीवर वेळ वाटून दिला जातो, मोजून, आणि ते आम्ही आत बसून बघितलंय, भाषणाची स्क्रिप्ट आधी तपासली जायची, मिनिटं मोजली जायची. ताईंनी तर अर्ज भरायच्या कितीतरी आधीच कार्यक्रम सोडला होता, आणि टर्म संपल्यावरही परत माईकवर आल्या नाहीत, म्हणाल्या आता मी एका पक्षाची झाले, ऐकणारी बाई कुठल्या पक्षाची आहे मला माहीत नाही. पण आता गल्लीगल्लीत यूट्यूब चॅनेलं झालीत, सकाळी जो माणूस गावच्या बातम्या देतो तोच संध्याकाळी बैठकीत उमेदवार म्हणून बसलेला असतो, नि बातम्याही चालूच. यावर आपल्यासारख्या पेपरनं लिहायला हवं, ते मला तिकीट देऊ की नको याच्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

दुसरी गोष्ट, फोन-इनची. लोकांना वाटतं फोन-इन करणाऱ्याला लोकांचं ऐकायची सवय असते. अर्धवट खरं आहे. फोन आधी दुसरं कुणीतरी उचलतं, नाव गाव प्रश्न विचारून घेतं, जो नीट बोलेल त्यालाच आत सोडतं. रडणारा, ओरडणारा, विषय सोडून बोलणारा आमच्यापर्यंत पोचतच नाही, आणि पोचलाच तर फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली ओढला की संपलं. ताई मला म्हणाल्या होत्या की नगरसेवक झाल्यावर पहिले तीन महिने मला सारखं हाताशी फेडर नाही याचाच त्रास व्हायचा. माणूस दारात उभा आहे, तो एकच गोष्ट चौथ्यांदा सांगतोय, आवाज चढलाय, आणि त्याला "धन्यवाद, पुढच्या श्रोत्याकडे वळूया" असं म्हणता येत नाही. माईकवरून आलेल्या माणसाला हे नव्यानं शिकावं लागतं आणि सगळे शिकत नाहीत, हे मान्य.

आणि पहिलं वर्ष त्यांचं वाईटच गेलं. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत त्या उत्तम बोलायच्या, पाणी या विषयावर एकदा असं बोलल्या की बाकीच्या पक्षाच्या लोकांनीही बाकं वाजवली. बाहेर आल्यावर एक अधिकारी म्हणाले, मॅडम काय सुंदर बोललात. आणि पाणी? काहीच झालं नाही. पुढच्या सभेत परत बोलल्या, परत टाळ्या. त्या रात्री त्यांनी मला फोन केला, पहिल्यांदाच त्यांचा आवाज मी असा ऐकला, म्हणाल्या अगं मी तिथे जाऊन कार्यक्रमच करून येतेय.

मग त्यांनी वही घातली. साधं दोनशे पानी लांब रजिस्टर, आमच्या लॉगबुकसारखंच आखलेलं. तारीख, वेळ, कोण, कुठली गल्ली, काय तक्रार, कुणाला सांगितलं, कधी सांगितलं, आणि शेवटचा रकाना काय झालं. झालं तर निळ्या शाईत, नाही झालं तर लाल. कुणी आलं की ताई वही उघडून विचारायच्या, पाणी येत नाही म्हणजे कधीपासून येत नाही? गुरुवारपासून. अजिबात येत नाही की कमी येतं? कमी येतं. किती वाजता येतं? पावणेसहाला. किती मिनिटं? इथे लोक गडबडायचे, कुणी घड्याळ लावून बघितलेलं नसतं. ताई सांगायच्या उद्या बघा नि मला कळवा. बायका खरंच कळवायला लागल्या. वहीचं ते पान मी स्वतः बघितलंय. एकाच गल्लीच्या एका टोकाला ५:४५ ते ६:२०, दुसऱ्या टोकाला ५:४५ ते ५:५८, तीन आठवडे रोज, आणि दर सोमवारी दुसऱ्या टोकाला काहीच नाही.

पुढच्या सभेत त्या दोन मिनिटं बोलल्या. भाषण नाही, नुसतं वाचलं. तारीख, वेळ, घर, मिनिटं. कुणी बाकं वाजवली नाहीत. पण पाणीपुरवठ्याच्या अधिकाऱ्यांना उत्तर द्यावं लागलं, आणि ते सभेच्या इतिवृत्तात आलं, आणि इतिवृत्तात आलं म्हणून पुढच्या सभेत ते परत विचारता आलं. शेवटी व्हॉल्व्हमनला घेऊन पाहणी झाली तेव्हा निघालं की गल्लीच्या मध्ये एक जुना व्हॉल्व्ह होता तो अर्धाच उघडत होता आणि सोमवारी त्या लाइनवरचा माणूस सुट्टीवर, त्याच्या जागी येणाऱ्याला तो व्हॉल्व्ह तिथे आहे हेच माहीत नव्हतं. बास, एवढंच. वर्षभर टाळ्या वाजल्या त्यानं जे झालं नाही ते एका वहीच्या पानानं झालं.

चार जणांच्या प्रभागात तर या वहीचा फार उपयोग झाला. तिथे नेहमीचं रडगाणं असतं ना की याच्याकडे गेलं तर तो म्हणतो त्याच्याकडे जा, चौघांपैकी कुणाचीच जबाबदारी नाही. ताईंच्या वहीत लिहिलेलं असायचं की अमुक दिवशी अमुक वाजता हे काम अमुक सदस्यांकडे दिलं. सुरुवातीला बाकीचे तिघे चिडले, पक्षाकडे तक्रार गेली की ही बाई आमच्यावर पाळत ठेवते. मग त्यातल्या एकानं स्वतःच वही घातली.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल की एका ओळखीच्या बाईवरून काय सिद्ध होतं. खरंय. म्हणून मला एक मोठं उदाहरण द्यायचंय, कॅनडातल्या क्यूबेक प्रांताचं. रने लेव्हेक हे तिथले रेडिओ-टीव्हीचे पत्रकार, महायुद्धाचं वार्तांकन केलेले, कोरियातून रिपोर्टिंग केलेले, आणि १९५६ ते १९५९ त्यांचा टीव्हीवर एक कार्यक्रम होता ज्यात ते फळा, खडू आणि नकाशा घेऊन उभे राहायचे आणि जगातली एखादी गुंतागुंतीची भानगड साध्या माणसाला कळेल अशी समजावायचे. १९६० ला प्रांताच्या विधानसभेत निवडून आले आणि मंत्री झाले. तेव्हा क्यूबेकमध्ये वीज बरीचशी खासगी कंपन्यांच्या हातात. त्यांनी ठरवलं की या कंपन्या प्रांतानं विकत घ्यायच्या, आणि हे लोकांना पटवायला त्यांनी तीच पद्धत वापरली, आकडे घेऊन बसायचं, कुठे काय दर, कुठली कंपनी काय करते, समजेल असं मांडायचं. १९६२ ची निवडणूक याच मुद्द्यावर झाली आणि १९६३ मध्ये त्या कंपन्या हायड्रो-क्यूबेकमध्ये आल्या. १९७६ ला ते प्रांताचे प्रमुख झाले आणि १९७७ ला त्यांच्या सरकारनं कायदा केला की राजकीय पक्षांना देणगी फक्त मतदार नागरिकांनी द्यायची, कंपन्यांनीही नाही आणि युनियननीही नाही, आणि तिचा हिशोब उघड ठेवायचा. वेगळ्या देशाच्या मागणीवर त्यांचं काय म्हणणं होतं ते तिथल्या लोकांनी १९८० च्या सार्वमतात नाकारलं, सुमारे ६० टक्के लोक विरोधात गेले. म्हणजे आवाज एवढा मोठा असून लोकांनी हवं तिथे नाही म्हटलंच. पण वीज आणि देणग्यांचा हिशोब ही दोन कामं बघितली की मला त्यात तो फळ्यासमोरचा माणूस दिसतो, जो ऐकणाऱ्याला अंधारात ठेवत नाही.

जपानच्या युरिको कोइके याही टीव्हीवर आर्थिक बातम्या द्यायच्या, १९९२ ला राजकारणात आल्या, २०१६ ला टोकियोच्या पहिल्या महिला गव्हर्नर झाल्या. त्या पर्यावरण मंत्री असताना २००५ मध्ये उन्हाळ्यात ऑफिसांनी टाय-कोट सोडायचा आणि एसी २८ डिग्रीवर ठेवायचा अशी मोहीम निघाली. एका वाक्यात कळेल असा नियम, नि आकडा ठरलेला. यालाही मी निवेदकाची शिकवण म्हणेन. "विजेची बचत करा" असं म्हणून कुणी काही करत नाही, २८ म्हटलं की निदान एसीच्या रिमोटकडे हात जातो.

तर मूळ पत्राकडे येते. रेडिओ-टीव्हीतून आलेल्या माणसाला तिकीट देऊ नका हे म्हणणं मला वकिलाला देऊ नका, मास्तरला देऊ नका म्हणण्यासारखंच वाटतं. प्रत्येक जण आपल्या धंद्यातून काहीतरी घेऊन येतो, चांगलं पण आणि वाईट पण. आमच्या धंद्यातून येताना आवाज येतो, ओळख येते, न अडखळता बोलायची सवय येते, आणि हे तिन्ही नागरिकाच्या फार उपयोगाचं नाही. त्याच धंद्यातून वेळेची शिस्त येते, बोलायच्या आधी गृहपाठ करायची सवय येते, चूक झाली तर "व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत" म्हणायची लाज वाटत नाही. हे शेवटचं तर मला फार मोठं वाटतं. सांगा ना, रस्ता खोदून ठेवला आणि ठरलेल्या तारखेला बुजवला नाही तर कुठला पुढारी आपण होऊन सांगतो की व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत, इतक्या तारखेला चालू होईल? ताई सांगायच्या, प्रभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या आदल्या रात्रीच टाकायच्या, उद्या अमुक गल्लीत पाणी येणार नाही, कारण अमुक, परवा सकाळी येईल. आणि परवा सकाळी नाही आलं तर तेही टाकायच्या, नाही आलं, मी चुकीची वेळ सांगितली. लोक चिडायचे, पण पुढच्या वेळी तोच मेसेज खरा मानायचे.

त्यांची टर्म २०२२ मध्ये संपली आणि मग बऱ्याच महापालिकांसारखं तिथेही प्रशासक बसले, पुढे जवळजवळ चार वर्षं निवडणूकच नाही, प्रभागाला नगरसेवकच नाही. ताईंना आता काही अधिकार नव्हता, सभा नव्हती, तरी लोक यायचे, कारण जायचं कुठे? त्यांनी वही बंद केली नाही. मी विचारलं की आता कशाला लिहिता, तर म्हणाल्या, ट्रान्समीटर बंद असला तरी लॉग बंद नसतो, बंद आहे हेच तर लिहायचं असतं. त्या काळातली बहुतेक पानं लाल आहेत. मला ती पानं बघून खूप त्रास झाला, एकेक ओळ म्हणजे कुणीतरी जिना चढून येऊन सांगितलेली अडचण आहे आणि पुढे लाल शाईत फक्त "पत्र दिलं, उत्तर नाही". पुढे निवडणूक लागली तेव्हा त्यांनी तिकीट मागितलं नाही, तब्येत साथ देत नाही. तोवर भरलेल्या पाचही वह्या त्यांनी नव्या निवडून आलेल्यांना नेऊन दाखवल्या. एका तरुण नगरसेविकेनं दोन दिवस ठेवून घेतल्या आणि सगळी लाल पानं मोबाइलवर फोटो काढून घेतली. बाकीच्यांनी चहा दिला.

संपादक साहेब, माझी विनंती एवढीच आहे. रेडिओ-टीव्हीवरचं कुणी उभं राहिलं की आपल्या पेपरात त्यांचा जुना फोटो येतो, गाजलेले कार्यक्रम येतात, आवाजाचं कौतुक येतं किंवा मग टीका येते. त्याबरोबर आपल्या वार्ताहरानं दोन प्रश्न विचारावेत. माईक कधी सोडला, तारीख काय. आणि आधी निवडून आले असतील तर किती सभांना हजर होते, त्यांनी विचारलेल्यातलं इतिवृत्तात काय आलं नि त्याचं पुढे काय झालं. इतिवृत्त सरकारी कागद आहे, मागितलं तर मिळतं, नाही दिलं तर माहिती अधिकारात मिळतं. हे प्रश्न खरं तर सगळ्याच नगरसेवकांना विचारायला हवेत, पण आमच्या लोकांपासून सुरू करा, आम्हाला प्रश्नांना उत्तरं द्यायची सवय असते.

ताईंच्या वह्या बघायच्या असतील तर मी त्यांना विचारून ठेवलंय. दाखवायला त्या तयार आहेत, फक्त लोकांची नावं नि फोन नंबर छापायचे नाहीत एवढी अट आहे.

आपली,
एक जुनी निवेदिका